दोऱ्याची काकडी

३ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र मी अकरा दिवस लांबवलं. पहिल्या दिवशी लिहायला बसलो तर पेन चालेना. पेन आणायला गेलो तर दुकानासमोर एक गृहस्थ सायकलला साखळी उलटी बसवत होते. ते काही मला बघवेना. साखळी बसवून दिली, मग ब्रेक बघितला, मग त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या बायकोचं शिलाई मशीनही उघडून बसलो. परत आलो तेव्हा पेन तिथेच राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी... जाऊ दे. पेनाचा काही दोष नाही. राग आला होता, आणि रागात माझं अक्षर इतकं बिघडतं की तू म्हणतेस, 'तुझं लिहिलेलं तुझं तुलाच वाचता येतं.' म्हटलं, राग उतरू दे.

उतरला नाही. म्हणून तसाच लिहितोय.

पाकीट उघडलंसुद्धा नाहीस तू! पाच वर्षांनी भाऊ काहीतरी पाठवतो, आणि तू ते हातात घेऊन उलटं पोस्टात टाकतेस? चिकटपट्टीचं एक टोक मी मुद्दाम दुमडलं होतं, तुला नखं कुरतडायची सवय, पट्टी सोलता येत नाही म्हणून. तो दुमडलेला कोपरासुद्धा जसाच्या तसा परत आला. वर तुझ्या सुबक अक्षरात, लाल शाईने: 'परत. नको आहे.' हे मला कळावं म्हणून लिहिलंस की पोस्टमनला? पोस्टमनला कळलं. त्याने इथल्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला दाखवलं, पहारेकऱ्याने पाकिटं भरणाऱ्या बायकांना सांगितलं, आणि आता सगळं गोदाम मला 'परत' म्हणून हाक मारतं. "ए परत, शिडी आण." "परत, जेवलास का?" आपल्या घरात भिंगरी होतो, इथे परत झालो. आयुष्यात स्वतःच्या नावाने कुणी हाक मारली तर मी वळून बघणार नाही बहुतेक.

मी एका बियाण्याच्या कंपनीत आहे. एक दिवस पोती उतरवायला आलो होतो, त्याला आठ महिने झाले. हसू नकोस. मलाही खरं वाटत नाही. इथल्या मुख्य बाईंना सगळे मागे 'चाळणी' म्हणतात, कारण त्यांच्यातून काही खाली पडतच नाही, ना खराब बी, ना कामाला उशिरा आलेला माणूस. त्यांनी मला पोत्यांवरून उचलून चाचणीच्या वाफ्यांवर टाकलं. नवी जात बाजारात पाठवण्याआधी तिथे लावून बघतात. म्हणजे मी आता ज्ञानी माणूस आहे, आणि म्हणूनच तू केलेला अपमान मला दुप्पट लागलाय.

त्या पाकिटात काय होतं ते तरी ऐक. माणसं बी कशी घेतात माहीत आहे? पाकिटावरचा फोटो बघून! टोमॅटो जितका लाल तितकं बी चांगलं, असा हिशेब. मागे छापलेली तारीख कुणी बघत नाही. दोन वर्षांपूर्वीचं बी घेऊन जातात आणि मग मातीला शिव्या देतात. मी फोटो बघून निवडलं नाही. मी आपला मागचा वाफा डोळ्यांसमोर आणला. डाव्या अंगाला भिंत, तिथे दुपारनंतर सावली, म्हणून घेवडा बुटका घेतला, वेलीचा नाही. टोमॅटो लहान फळाचा, कारण मोठ्या फळांना काठ्या ठोकाव्या लागतात आणि तुझी पाठ धरते. (अजून धरते ना?) आणि काकडी. काकडीला मी तीन आठवडे घालवले. वर चढणारी हवी, कारण जागा नाही. पानांवर पांढरी भुरी न येणारी हवी, कारण मोरीमागे ओल असते. आणि कडू न होणारी हवी.

हो. कडू न होणारी.

तिन्हीचे दहा-दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून उगवून बघितले. काकडीचे नऊ आले. दहात नऊ म्हटल्यावर चाळणी बाईसुद्धा मान हलवतात. असं बी मी तुला पाठवलं, आणि तू 'नको आहे'! मग ते परत कसं आलं, आई म्हणायची तसा दोरा चालत आला का?

कारण कळव. एका ओळीत का होईना.

तुझा भाऊ

(नाव लिहिलं तर ओळखणार नाहीस)


१९ फेब्रुवारी

ताई,

एका ओळीत म्हटलं होतं, तू चार ओळी लिहिल्यास, म्हणजे उदार झालीस. कार्ड माझ्यासमोर ठेवलंय. गोदामातलं मांजर त्यावर बसलं होतं, त्याला उठवलं, ते आता तराजूवर जाऊन झोपलंय आणि बाई म्हणतात, याचं वजन नोंदवून ठेव. तर तुझ्या चार ओळी:

'तुझं बी चांगलंच असेल. पण आईच्या डब्यातल्याशिवाय दुसरं काही वाफ्यात गेलं तर नाव माझ्यावर येईल. एकदा आलंय, तेवढं पुरे. जेवत जा.'

ही काय पद्धत झाली? 'जेवत जा' लिहून गालावरून हात फिरवायचा आणि वरच्या ओळीत थोबाडीत द्यायची? 'एकदा आलंय' म्हणे! पंधरा वर्षं होत आली त्याला! तेव्हा तू शाळेत होतीस. आता तू घर चालवतेस, आईला दिसत नाही म्हणून तिचे डोळे होऊन राहतेस, तिचं औषध, तिचं पाणी, तिचा वाफा सगळं तूच बघतेस, आणि चिमूटभर बी टाकायचं म्हटलं की अजून तिला घाबरतेस? आणि ती! दरवर्षी तेच डब्यातलं बी, दरवर्षी तीच कडू काकडी, पहिली फोड तोंडात घालायची, थुंकायची आणि म्हणायचं, "ही आपली नाही. मोठीने बी बिघडवलं." आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच बी! ये रे माझ्या मागल्या! तिला म्हणावं, डबा उशाखाली ठेवून बी सुधारत नसतं.

चाळणी बाईंना मी हे सगळं सांगितलं. तुझं नाव न घेता, 'एका घरात' असं म्हणून. त्यांना लगेच कळलं कुठलं घर ते. मी जरा ऐटीत होतो. म्हटलं, आमच्याकडे पद्धत होती, बाई. काकड्या धरायला लागल्या की आई वाफ्यात फिरायची, त्यातली एक निवडायची, आणि माझी बहीण तिला लाल दोरा बांधायची. दोऱ्याच्या काकडीला कुणी हात लावायचा नाही. ती पिवळी होईपर्यंत वेलीवरच राहायची, मग तिचं बी काढायचं, दोन दिवस पाण्यात ठेवायचं, तरंगेल ते फेकायचं, तळाशी बसेल ते सावलीत वाळवायचं. बाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "आई हुशार आहे तुझी. वेल कशी निवडायची?"

"वेल नाही, बाई. काकडी निवडायची."

"काकडी निवडून काय होतंय, गाढवा? एका वेलीवरच्या सगळ्या काकड्यांच्या पोटात त्याच वेलीचं बी. लांब घे, आखूड घे, वाकडी घे, बी तेच. माणसं फळ बघतात, जाणता माणूस वेल बघतो. सगळ्यात गोड वेल कुठली, सगळ्यात निरोगी कुठली, मग तिच्यावरचं कुठलंही एक फळ. तुझी आई वेलच बघत असणार. तुम्हाला वाटलं काकडी बघतेय."

"आणि दोरा दुसऱ्या वेलीवरच्या काकडीला बांधला तर?"

"तर त्या वेलीचं बी आलं. ती कडू असेल तर कडू. एका वर्षात काही गोड, काही कडू, दोन-तीन वर्षं तेच केलंस तर संपलंच. का रे? असा काय बघतोयस?"

काही नाही म्हटलं.

ताई, मला बरंच काम आहे, इथेच थांबतो. एक विचारायचं होतं. तुमच्याकडची काकडी, आत्ताची, कडूच, तिचे थोडे दाणे मिळतील? डब्याला हात लावू नकोस. कडू म्हणून वेलीवरच राहून पिवळ्या पडलेल्या एखाद्या काकडीतले असतील तरी चालतील. का ते विचारू नकोस.

जेवतोय.


९ मार्च

ताई,

दहा दाणे मिळाले. कार्डाच्या मागे चिकटपट्टीने चिकटवून, शेजारी दोनच शब्द: 'का ते'. मी म्हटलं होतं विचारू नकोस, तर तू प्रश्नचिन्हसुद्धा न देता विचारलंस. काय बाई आहेस तू! तुझ्याशी भांडणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

पण आधी इथे काय झालं ते सांगतो, माझं डोकं अजून तापलंय. काल एक दुकानदार आला होता, आमचंच बी विकणारा. त्याचं म्हणणं, गिऱ्हाइकाला जात-बीत काही कळत नाही, तुम्ही एकाच बियाण्याची दोन पाकिटं करा, एकावर 'घरच्या बागेसाठी खास' असं छापा. मी टेबलाच्या पलीकडे फडकी ओली करत होतो. मी मध्ये बोललो. मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, साहेब, घरच्या बागेसाठी खास म्हणजे काय ठाऊक आहे का? शेतकऱ्याला सगळा माल एकाच आठवड्यात हवा असतो, ट्रक भरायचा असतो. घरच्या माणसाला रोज दोन काकड्या हव्या असतात, महिना-दीड महिना. साल पातळ हवी, लांब पल्ल्याच्या गाडीत टिकायची गरज नाही. तशी जात वेगळी असते! एक बाई पाठ धरून वाफा खणते, त्यात फसवं बी टाकते, आणि मग घरातले तिलाच बोलतात! तिला! बी देणाऱ्याला कुणी बोलत नाही!

जरा मोठ्याने झालं ते. मांजर तराजूवरून उडी मारून गेलं. दुकानदार म्हणाला, "हा कोण?" बाई म्हणाल्या, "हा परत." आणि त्याला बाहेरपर्यंत सोडून आल्या. मला वाटलं, गेली नोकरी. त्या आल्या आणि म्हणाल्या, "तुझी बहीण वाफा खणते ना?" मी म्हटलं, हो. "सातवी ओळ रिकामी आहे," म्हणाल्या, "तुझे दहा दाणे तिथे लाव."

मी आधीच लावले होते, दहा दिवसांपूर्वी. ते त्यांना माहीत होतं. त्यांना सगळं माहीत असतं.

दहाच्या दहा उगवले, ताई. बी कडू असेल, पण दमाचं आहे. आता गंमत ऐक. काकडी कडू होणार की नाही, हे बघायला फळाची वाट बघत बसायची गरज नाही म्हणे. कोंब वर आला की पहिली दोन जाडसर पानं असतात ना, त्यातल्या एकाचा कोपरा नखाने तोडायचा आणि चावायचा. पान कडू असेल तर वेल भरवशाची नाही. पान गोड असेल तर तिची काकडी कडू व्हायची नाही. मी गुडघ्यांवर बसून एकेक चावत गेलो. पहिलं, कडू. दुसरं, कडू. तिसऱ्याला तर जीभ आत ओढली गेली. प्रत्येक वेळी पाण्याने चूळ भरायची, थुंकायचं, पुढे सरकायचं. पाकिटं भरणाऱ्या बायका काम सोडून बघत होत्या. एक म्हणाली, "अगं, परतला गवत घाला कुणीतरी."

नऊ कडू.

आठव्या जागेवरचं एक, कडू नाही. मी दोनदा चावलं. बाईंना बोलावलं, त्यांनी चावलं. म्हणाल्या, "हं." त्यांचा 'हं' म्हणजे दुसऱ्या कुणाचा सत्कार असतो.

दहातली एक, ताई. म्हणजे आईचं बी अजून आहे त्यात कुठेतरी. संपलं नाही. पण ती चव आईचीच आहे का, हे सांगणारी जीभ जगात एकच आहे, आणि ती इथे नाही.

'का ते' पुढच्या वेळी सांगतो.


८ एप्रिल

ताई,

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. आधी हे कबूल कर, मगच पुढचं वाच.

आज आठव्या वेलीला मादी फूल आलं. काकडीच्या मादी फुलाच्या मागे पहिल्यापासून इवलीशी काकडी असते, तुला माहीत आहे. पण इथे शेजारच्या ओळींत वीस जाती आहेत, मधमाशी कुठल्याही फुलावरून येते आणि सगळी सरमिसळ करते. म्हणून ज्याचं बी धरायचं ते फूल उमलण्याआधीच दोऱ्याने बांधून टाकतात, नर फूलही तसंच. दुसऱ्या दिवशी सकाळी सोडायचं, नर फूल मादी फुलावर फिरवायचं आणि मादी फूल पुन्हा बांधायचं. मग त्या देठाला खूण म्हणून दोरा.

बाईंनी दोऱ्याची रीळ हातात दिली. लाल होती.

ताई, मला गाठ मारता येईना. मी! मी सायकलची साखळी डोळे मिटून बसवतो. तीनदा दोरा सुटून मातीत पडला. बाई म्हणाल्या, "सकाळी काही खाल्लं नाहीस का?"

दोरा चालत गेला नव्हता, ताई. मी नेला होता.

मी सात वर्षांचा होतो. तुम्ही दोघी आत असायचात. दोऱ्याची काकडी तेव्हा कोवळी, वीतभर, अंगावर काटे असलेली असायची, आणि तिला हात लावायचा नाही म्हटल्यावर दुसरी कुठली दिसायचीच नाही मला. खिशात मीठ घेऊन जायचो. पाण्याच्या टाकीमागे बसून खाल्ली. खाऊन झाल्यावर हातात दोरा राहिला. आता काय करायचं? मोरीमागे ती वेल होती ना, आपोआप उगवलेली, जिच्या काकड्या कडू म्हणून कुणी तोडायचं नाही? तिच्यावर काकडी कायम असायची. मी दोरा तिला बांधला. माझ्या डोक्यात एवढंच, की लाल काहीतरी दिसायला हवं. दिसलं की झालं. आईला तेव्हाच अंधुक दिसायला लागलं होतं, तिला लांबून लाल रंग तेवढा कळायचा.

बी काढायच्या दिवशी तू म्हणालीस, "मी इथे बांधला नव्हता." आई म्हणाली, "मग दोरा चालत गेला का?" आणि हसली. मीही हसलो. त्यानंतर घरात कुणी काही नाकबूल केलं की आपण म्हणायचो, दोरा चालत गेला का! तूसुद्धा म्हणायचीस, ताई. माझी पाटी फुटली तेव्हा तूच म्हणालीस.

पुढच्या वर्षी पुन्हा केलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. तिसऱ्या वर्षी निम्म्या काकड्या कडू आल्या होत्या, तेव्हा आईने तुझ्या हातून रीळ काढून घेतली, तुला मारलं, आणि डबा उशाखाली नेला. मी दारात उभा होतो. माझ्या तोंडाला अजून काकडीचा वास होता.

मला वाटायचं, काकडी काकडीच असते, त्यात काय एवढं. हे मी स्वतःला पंधरा वर्षं सांगितलं. फेब्रुवारीत बाई म्हणाल्या, वेल निवडायची असते, आणि त्या रात्री मी बोटांवर ती तीन वर्षं मोजली. म्हणून तुला दाणे मागितले.

आणि अजून एक आहे. ते यापेक्षा वाईट आहे. मी घर सोडलं त्या दिवशी जेवताना आई पुन्हा तेच बोलली, तू पहिल्यांदा उलट बोललीस, ताट सरकवलंस. आणि मी काय म्हणालो? "ताई, एकदा चूक कबूल करून टाक ना, रोजची कटकट नको." मी म्हणालो! मी! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या अशा असतात. तू माझ्याकडे नुसतं बघितलंस. ते बघणं मला सहन झालं नाही, म्हणून बॅग भरली, आणि वर सगळ्यांना सांगत सुटलो की मला जग बघायचंय. काय बघितलं जग? सायकली बघितल्या.

आणि गेले दोन महिने तुला रागाने पत्रं लिहितोय. तू पाकीट परत पाठवलंस म्हणून! कसला राग तो? कुणाचा? तू बी नको म्हणालीस कारण नाव तुझ्यावर येईल. ते नाव माझं आहे, ताई. पंधरा वर्षं तू ते सांभाळलंस.

आईला वाचून दाखवू नकोस असं का म्हटलं, ते तुझ्या लक्षात आलं असेल. पत्र तूच वाचणार. तुझ्याच आवाजात तुझीच सुटका. ती म्हणेल, 'मोठीने मनाने रचलं.' नाही, हे मीच सांगायला हवं, तोंडाने, तिच्यासमोर. मी येईन. फक्त ही काकडी पिवळी होईपर्यंत थांबतो, इथे सोडून जाता येत नाही, बाई एकट्या पडतील, आणि बसची तिकिटंही या दिवसांत मिळत नाहीत. हंगाम संपला की नक्की येतो.


२७ एप्रिल

ताई,

एकोणीस दिवस! एकोणीस दिवसांत एक कार्ड नाही! माणसाने पोटातलं सगळं काढून ठेवायचं आणि समोरच्याने कानावर हात ठेवायचे? शिव्या दे. 'परत. नको आहे' असं तरी लिही. तुझ्याकडे लाल शाई आहेच. मला वाटलं होतं, तू निदान रागावशील. तू रागावलीस तर मला काहीतरी बोलता येईल. गप्प माणसाशी काय बोलायचं?

पहारेकरी रोज म्हणतो, "परत, तुझं काही नाही." आता मी फाटकाच्या बाजूला जातच नाही.

आठव्या वेलीची दोऱ्याची काकडी माझ्या पंजापेक्षा मोठी झालीय. अजून हिरवीच आहे, पण पोटाकडून उजळायला लागलीय. त्याच वेलीवर दुसऱ्या तीन आल्या, कोवळ्या, खाण्याजोग्या. बाई म्हणाल्या, चाखून बघ. मी चाखली नाही. मला हक्क नाही असं वाटतं. पूर्वी हक्क नसताना खाल्ली, आता हक्क असताना तोंडाला येत नाही, अशी गंमत आहे. परवा पाकिटं भरणाऱ्या बायकांपैकी एक म्हणाली, "परत, तिच्याशी लग्न करायचंय का? रोज सकाळी जाऊन बघतोस." मी हसलो नाही, तर ती म्हणाली, "चिडका आहे गं हा." मी चिडका नाही. मी...

फाटकावर कसला तरी गोंधळ चाललाय. बघून येतो.

ताई.

आई आलीय.

मी हे उभ्यानेच लिहितोय, वाफ्याच्या कडेला, पुठ्ठ्यावर कागद ठेवून. आई. चार वर्षांत अंगणाबाहेर पाऊल टाकलं नाही, हे तू नाही कळवलंस, शेजारच्या काकूंनी मागे कधीतरी कळवलं होतं, ती आई, एका भाजीच्या टेम्पोत पुढच्या सीटवर बसून आलीय. पहारेकरी तिला म्हणाला, "आजी, कुणाकडे?" तर म्हणाली, "आमची भिंगरी इथे आहे म्हणे." तो म्हणाला, "इथे कुणी भिंगरी नाही." तेवढ्यात मी पोचलो. मी काही बोलायच्या आत तिने मान वळवली. "पाय घासत चालतोस अजून," म्हणाली.

मी विचारलं, "ताई कुठे आहे?"

"ती कशाला येईल? तिला वाफा आहे."

बाईंनी स्टूल दिलं, ती बसली नाही. म्हणाली, काकड्यांचा वास येतोय, आधी तिकडे ने. मी सातव्या ओळीला आणलं. तिने एकेक पान बोटांनी चाचपलं, पुढे सरकली, पुन्हा चाचपलं. आठव्या वेलीशी थांबली. मी तिला काही सांगितलं नव्हतं, ताई, शपथ. कोवळ्या तीनपैकी एक तोडली, पदराला पुसली आणि चावली. मी तिच्या जबड्याकडे बघत होतो. तिने थुंकलं नाही. गिळलं. अजून एक घास घेतला. बाई दुसरीकडे बघायला लागल्या, त्यांना कधी असं दुसरीकडे बघताना मी पाहिलं नाही.

मग तिच्या बोटांना दोरा लागला. गाठीवरून बोट फिरवलं.

"हा कुणी बांधला?"

"मी."

"बरोबर वेलीला बांधलास," म्हणाली. एवढंच. मला कळेना, ती काय म्हणतेय, किती म्हणतेय.

मग तिने पिशवीत हात घातला आणि एक पाकीट काढलं. मी ओळखलं. माझंच. आठ एप्रिलचं. फोडलेलं, वाचलेलं, घडीवर घडी नीट दाबलेली, तुझी घडी.

"मोठीला विचारलं, पोराने एवढं काय लिहिलंय, तीन दिवस तू जेवत नाहीस ते. तर म्हणाली, त्याचं लिहिलेलं त्याचं त्यालाच वाचता येतं. तिने टेम्पोवाल्याला सांगितलं आणि मला बसवून दिलं." तिने पाकीट पुढे केलं. माझ्या दिशेने नाही, जरा डावीकडे, पण पुढे केलं. "वाच."

तर पाकीट परत पाठवलंस तू. ह्याही वेळी. आणि ह्या वेळी मला शब्द नाही काढता येत, ताई, कारण तुझंच बरोबर आहे.

ती आता स्टुलावर बसून पाणी पितेय. उरलेली काकडी मांडीवर आहे. ग्लास रिकामा होत आलाय, तोवरच हे लिहून होतंय. पाकिटं भरणाऱ्या बायकांनी यंत्र बंद केलंय. इतकं शांत गोदाम मी कधी ऐकलं नाही.

कागद उलगडलाय. पहिला शब्द 'ताई' आहे. तिथपर्यंत तरी माझा आवाज निघेल.